राहायची सोय तुमची तुम्ही बघा

2 फेब्रुवारी 2025. आपल्या नगरमध्ये महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागातली लढत, शिवराज राक्षे विरुद्ध पृथ्वीराज मोहोळ. पंचांनी राक्षे चितपट झाल्याचं जाहीर केलं. राक्षेचं म्हणणं, दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, व्हिडिओ बघा. वाद पेटला, पंचांना लाथ बसली आणि राक्षेवर तीन वर्षांची बंदी आली. चर्चा एवढीच झाली, पंच खरे की पैलवान?

मी इंजिनिअर, मला दुसराच प्रश्न पडला. खांदे टेकले की नाही, हे मोजता येत नाही का? गादीखाली दाब मोजणारे सेन्सर, जमिनीलगत कॅमेरे आणि दोन्हींची वेळ जुळवणारा प्रोग्राम. काम सोपं नाही. अंगाखाली दबलेला हातसुद्धा सेन्सरला खांद्यासारखाच वाटतो. पण अशक्यही नाही. असल्या कामालाच क्रीडा अभियांत्रिकी म्हणतात. गोलंदाजाचा कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ होतो का, हे असंच मोजून ठरतं. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेच्या केंद्राला त्यासाठी आयसीसीची मान्यता मिळाली. आयआयटी मद्रासमध्येही क्रीडाविज्ञानाचं स्वतंत्र केंद्र आहे.

पदवीच्या मुलांना अशा लॅबमध्ये शिरायचा मुख्य रस्ता म्हणजे सुट्टीतली इंटर्नशिप. आणि माझा आक्षेप याच रस्त्याला आहे.

मी तिसऱ्या वर्षाला असताना एका विद्यापीठाच्या बायोमेकॅनिक्स लॅबमध्ये माझी निवड झाली होती. धावपटूंच्या पायाला बांधलेल्या सेन्सरचा डेटा साफ करायचा होता. पत्राच्या शेवटी दोन ओळी होत्या. विद्यावेतन मिळणार नाही. राहण्याची सोय आपली आपण करावी. अब्बांनी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. खोली, मेस, बसभाडं. दोन महिन्यांचा आकडा झाला, तेवढे पैसे आमच्या दुकानात दोन महिन्यांत उरतच नव्हते. मी पाथर्डीत राहिलो आणि गल्ल्यावर बसलो. माझ्या जागी गेलेला मुलगा हुशारच होता. त्याची मावशी त्या शहरात राहत होती, एवढाच फरक. त्याला त्या कामावर शिफारसपत्र मिळालं आणि त्या पत्रावर पुढचा प्रवेश. माझं आज बरं चाललंय, रडगाणं गायचं नाही. पण मावशीच्या घराला गुणवत्ता म्हणू नका.

लोक म्हणतात, शिकायला मिळतंय ना, वर पैसे कशाला? पैसे हुशारीचे नकोत, दोन वेळच्या जेवणाचे हवेत. दुसरं उत्तर ठरलेलं, संशोधनाला निधी नसतो. अमेरिकेच्या एमआयटीत 1969 पासून पदवीची मुलं प्रयोगशाळांत काम करतात आणि त्याबद्दल त्यांना पगार किंवा क्रेडिट मिळू शकतं. ती श्रीमंत संस्था आहे, मान्य. मग आपल्याकडचं बघू. 2024 मध्ये केंद्राने बड्या कंपन्यांतल्या इंटर्नशिपसाठी महिना 5,000 रुपयांची योजना आणली. तिच्या अटीत पूर्णवेळ शिकणारा विद्यार्थी बसतच नव्हता. म्हणजे पैसा होता, पण लॅबमध्ये शिकू पाहणाऱ्या पोरासाठी नव्हता.

यात नुकसान एकट्या त्या पोराचं नाही, लॅबचंही आहे. आमच्या तालुक्यात यात्रेला हगामा भरतो. शेजारच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेसमध्ये आशियाई सुवर्ण घेऊन आला. आपल्याच जिल्ह्यातल्या श्रीरामपूरने झहीर खान दिला. इथली माणसं मैदानात चालतात, मग मोजणाऱ्यांच्या टेबलाशी का नाहीत? खांदा कधी टेकतो आणि कधी नुसता घासतो, हे लाल मातीत पाठ लागलेल्या पोराला अंगाने कळतं. सेन्सर कुठे लावायचा, हे त्याला विचारायला नको?

म्हणून मागण्या साध्या आहेत. राज्याने 2020 मध्ये पुण्यात बालेवाडीला आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठाचा कायदा केला. त्याच्या प्रयोगशाळांत इंटर्नच्या जागा जाहीर निघाव्यात, ओळखीवर भरू नयेत. विद्यावेतन आणि वसतिगृह नियमातच लिहावं. अल्पसंख्याकांसाठी 2024 मध्ये मंजूर झालेल्या एमआरटीआयने आपल्या मुलांच्या संशोधन इंटर्नशिपचा खर्च उचलावा. बार्टी-सारथीकडे बोट दाखवत बसण्यापेक्षा ही एक ठोस गोष्ट मागू या.

आता थोडं आपल्याबद्दल. गल्लीतल्या टेनिस बॉल स्पर्धेसाठी 51 हजारांचं पहिलं बक्षीस आपण चार दिवसांत उभं करतो, वर आपल्या फोटोचा फ्लेक्स. तेवढ्यात तीन पोरांची दोन महिन्यांची खोली आणि मेस सहज भागते. स्पर्धा घ्या, जरूर घ्या, पण एक बक्षीस इकडेही वळवा. आणि बहिणीची निवड झाली तर "परक्या शहरात एकटी कशी राहणार" म्हणून पत्र फाडू नका. वसतिगृह आहे का, हे फोन करून विचारा. नसेल तर लॅबशी भांडा, बहिणीशी नको.

दोन-तीन हजारांत घरबसल्या इंटर्नशिपचं प्रमाणपत्र विकणारे आहेत. मुलाखतीला मी समोर बसतो, मला ते कागद एका प्रश्नात ओळखू येतात. त्यापेक्षा देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून दोन महिन्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, विद्यावेतनासह. तिथे अर्ज करा. प्राध्यापकांना ईमेल लिहाल तेव्हा "सर, संधी द्या" एवढंच लिहू नका. त्यांचा एक शोधनिबंध वाचा, त्यातला एक प्रश्न विचारा, तुम्ही कोणता खेळ खेळता तेही सांगा. आणि शेवटी न लाजता दोन गोष्टी विचारा. विद्यावेतन किती? राहायची सोय काय?

हे विचारल्याने संधी जाईल अशी भीती वाटते. मलाही वाटली होती, म्हणून मी विचारलं नाही. गप्प बसूनही संधी गेलीच. तुम्ही विचारा. शंभर जणांनी विचारलं, तर त्या दोन ओळी पत्रातून काढाव्या लागतील.