तंबू सातपुड्यात

मित्रांची टोळी, गाडीच्या टपावर बांधलेले तंबू आणि महाराष्ट्राचं उत्तर टोक: या अंकातली भटकंती नंदुरबारची आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा पर्यटकांना तोरणमाळपुरताच ठाऊक. शहाद्याहून घाट चढायचा, यशवंत तलाव आणि सीताखाई पाहायची, परतायचं. आमच्या मते खरी वाट पुढे धडगाव-मोलगीकडे जाते; उन्हाळ्यात तिथे आमचुरासाठी कैरीच्या फोडी वाळत असतात. नर्मदेकाठी मात्र फार हुरळू नये. ते देखणं पाणी सरदार सरोवराचं आहे आणि त्याखाली मणिबेलीसारख्या गावांची शेतं आहेत. रान निर्जन वाटलं तरी नसतं. टेकडीआड भिल्ल-पावरांचा पाडा असतोच. तंबू ठोकण्याआधी तिथे विचारा, वनखात्याची परवानगी घ्या. आणि हो, पेट्रोल शहाद्यातच भरा.