खताची प्रत कोणी ठरवावी?

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहराच्या कचऱ्यावर प्रक्रिया करणारे एक केंद्र ज्या पडेगावात उभे आहे, ते दौलताबादच्या मार्गावर आहे. त्याच मार्गावर पुढे असलेल्या मिटमिट्यात, नारेगावकरांनी वर्षानुवर्षे सोसलेला कचऱ्याचा ढीग बंद पाडल्यानंतर, मार्च 2018 मध्ये कचऱ्याच्या गाड्यांवरून ग्रामस्थ व पोलीस यांच्यात संघर्ष उद्भवला. विरोध करणाऱ्यांना हटवादी म्हणणे सोपे होते. परंतु माझ्या मते त्यांची हरकत मुळात प्रतीविषयीची होती, कारण कचऱ्याची विल्हेवाट ‘लागली’ एवढ्याने ती नीट लागली असे सिद्ध होत नाही.

या कचऱ्यापासून होणाऱ्या खताच्या बाबतीत मात्र सरकारने संदिग्धता ठेवलेली नाही. 1985 च्या खत नियंत्रण आदेशातील शहरी कंपोस्टाच्या निकषांत ओलावा 15 ते 25 टक्के, सेंद्रिय कर्ब किमान 12 टक्के, कर्ब-नत्र गुणोत्तर 20 हून कमी, शिसे किलोमागे कमाल 100 मिलिग्रॅम असे आकडे असून, शिवाय दुर्गंधी नसावी, असेही कलम आहे. (सरकारी दफ्तरात नाकाला एवढा मान क्वचितच मिळाला असेल!) हे आकडे शोभेचे नव्हेत. अर्धकच्च्या खतात कर्ब अधिक राहिला, तर तो कुजविणारे सूक्ष्मजीव जमिनीतलेच नत्र ओढून घेतात आणि खत घालूनही पीक पिवळे पडते. शिशाचे तर त्याहून कठीण, कारण जुने सेल, रंगाचे डबे आणि भाजीची देठे एकदा एकाच डब्यात कुजली, की कोणत्याही चाळणीने शिसे वेगळे होत नाही. म्हणजे पडेगावच्या खताची प्रत पडेगावात नव्हे, तर 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका व घातक कचरा निराळा ठेवण्यास सांगितलेल्या आपल्या स्वयंपाकघरांत ठरते.

राहिली हमी. करणाऱ्यानेच निवडलेला नमुना आणि फायलीत पडून राहिलेला दाखला यांनी ती मिळत नाही. नमुना एखादा शेतकरी व एखादा पडेगावकर यांच्या समक्ष काढावा. प्रत्येक ढिगाचा अहवाल केंद्राच्या दारावर मराठीत लावावा. दुर्गंधीची कसोटी पोत्यातल्या खतापुरती न ठेवता केंद्राच्या कुंपणापर्यंत न्यावी. आणि ज्या प्रभागातून मिश्र कचरा आला, त्याचे नावही त्याच फलकावर लिहावे. नगरसेवकांना हे शेवटचे कलम रुचणार नाही, म्हणून आरंभ तेथूनच करावा.