शाळेचे कपाट

शाळेत शैक्षणिक साहित्य नाही, ही तक्रार आता सर्वस्वी खरी राहिलेली नाही. १९८७ साली सरकारने खडू-फळा मोहीम काढली, तेव्हापासून नकाशे, पृथ्वीगोल, गणिताच्या व विज्ञानाच्या पेट्या खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांपर्यंत जाऊ लागल्या. पुष्कळ ठिकाणी त्या कपाटात गेल्या आणि कुलूप लागले. याचे खापर शिक्षकांच्या आळसावर फोडणे आम्हांस मान्य नाही. प्रत्येक वस्तू जडवस्तुसंग्रहाच्या वहीत चढते, तपासणीस ती अभंग दाखवावी लागते, आणि हरवल्यास जाब शिक्षकाने द्यावयाचा. मग मुलांच्या हाती ती देण्याचे धाडस कोण करील?

शिवाय मांडणी होते तीही हिशेबाच्या सोयीने. नकाशे नकाशांत, चित्रे चित्रांत, काचेची भांडी वरच्या खणात. आमच्या गृहिणी या रीतीने स्वयंपाक करू लागल्या तर आमटीला फोडणी पडेपर्यंत दिवेलागण होईल! मिसळणाच्या डब्यात मोहरी, हळद, हिंग शेजारी बसतात ती त्यांची जात एक म्हणून नव्हे, तर एकाच वेळी त्यांची गरज लागते म्हणून. शाळेतही साहित्याची जुळणी शिकवावयाच्या कल्पनेवरून व्हावी.

बुलढाणा जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. लोणारचे पाणी क्षारयुक्त आहे, हे तिकडील मूल ऐकून असते. एका पिशवीत जिल्ह्याचा नकाशा, सरोवराचे चित्र, हळदीने रंगविलेल्या कागदाच्या पट्ट्या व धुण्याच्या सोड्याची पुडी ठेवावी. सोड्याच्या पाण्यात पट्टी बुडताच तांबूस होते, लिंबू पिळले की पुन्हा पिवळी. (ज्यांनी घरी कुंकू केले आहे त्या आजीबाईंस यात नवल वाटणार नाही.) भूगोल आणि रसायन यांची गाठ एकाच तासाला पडते. दुसरी पिशवी हातच्याच्या बेरजेची. तिच्यात तुराटीचे बोटभर तुकडे, दहा-दहांच्या जुड्या बांधलेले, आणि काही सुटे. तुरीच्या शेतांच्या या मुलखात तुराटीला पैसा पडत नाही, ती कोणत्याही वहीत चढत नाही, म्हणून मोडली तरी कोणी भीत नाही.

ताराबाई मोडक यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी माँटेसरी पद्धतीचे काम केले, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पण ती साधने महाग. १९४५ मध्ये बोर्डीस अनुताई वाघ यांच्यासह काम आरंभिले, तेव्हा परिसरातील शंख-शिंपले, बिया, खडे हेच साहित्य झाले. माँटेसरीबाईंची एक गोष्ट मात्र फुकट घेता येते: फळी मुलाच्या हाताशी, प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली, आणि वापरून झाल्यावर ती मुलानेच परत ठेवावयाची. जेथे एका खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात, तेथे गुरुजी एकीस शिकवीत असता दुसरीचे हात रिकामे राहत नाहीत.

आपल्या घरी नकाशांचे पुस्तक असते, पृथ्वीगोलही असतो. ज्या मुलाच्या घरी यांतले काहीच नाही, त्याला तो गोल फिरविण्याची जागा शाळाच.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. तुटलेली व झिजलेली वस्तू दर वर्षी सभेपुढे ठेवून तिची नोंद वापरात खर्ची पडली अशी करावी, असा आग्रह पालकांनी धरावा. म्हणजे किल्ली खिशातून बाहेर येण्यास गुरुजींना हरकत उरणार नाही.