आपण नेमके कोणाला हसतो?

वाचकहो, विनोद कोणाला आवडत नाही? दिवसभर कसारा लोकलच्या गर्दीत उभा राहून घरी आलेला माणूस रात्री जेवताना टीव्ही लावतो, तो हसायलाच. ज्यांच्या घरी टीव्ही नाही ते मोबाईलवर बघतात. त्यात वाईट काहीच नाही. पण गेल्या स्नेहसंमेलनात एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

आठवीच्या मुलांनी एक विनोदी नाटुकलं बसवलं होतं. कुठे कुठे पाहिलेले प्रसंग जोडून स्वतःच लिहिलेलं. त्यात एक 'आदिवासी गडी' होता. तोंडाला काळं फासलेला, अडखळत बोलणारा, मोबाईल उलटा धरणारा. प्रेक्षक पोट धरून हसले. मीही हसलो, खोटं कशाला सांगू? मग सहज पुढच्या रांगेकडे लक्ष गेलं. तिथे ठाकूर आणि कातकरी वाड्यांवरच्या मुली बसल्या होत्या. त्या हसत नव्हत्या. एकीने मान खाली घातली होती आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात विषय काढला. एक मुलगा लगेच म्हणाला, "सर, कॉमेडी होती ती. विनोद विनोदासारखा घ्यायचा ना!"

हे वाक्य आपण सगळेच वापरतो. म्हणूनच ते जरा तपासून पाहू या.

आपल्या मराठीत व्यंगाची परंपरा मोठी आहे. संत एकनाथांनी भारुडांतून ढोंगावर कोरडे ओढले. तमाशाच्या वगात राजा आणि कोतवाल यांची भर गावासमोर टिंगल होई. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्यात दादा कोंडक्यांनी तेच केलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. चित्रपटातही हेच दिसतं. जब्बार पटेल यांच्या 'सामना'त विजय तेंडुलकरांनी साखर कारखानदार हिंदुराव आणि एक दारुडा मास्तर समोरासमोर उभे केले. गावावर सत्ता हिंदुरावाची, पण त्याला घाम फोडतो तो मास्तरचा एक साधा प्रश्न. 2011 च्या 'देऊळ'मध्ये गावात दवाखाना व्हायचा असतो, तो मागे पडतो आणि देऊळ उभं राहतं. आपण हसतो, आणि हसता हसता आपल्याच गावाची आठवण येते.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. ज्याच्या हातात काठी आहे, त्याला हसलं जातं. ज्याच्या पाठीवर वळ आहेत, त्याला नाही. आमच्या नाटुकल्यात नेमकं उलटं झालं होतं.

तुम्ही म्हणाल, मग काय, सगळ्या विनोदांना चाळणी लावायची? कुणाच्या भावना दुखावल्या की बंद करायचं? नाही. तो मार्ग मला अजिबात मान्य नाही. 1972 साली 'घाशीराम कोतवाल' रंगभूमीवर आलं, तेव्हाही भावना दुखावल्याचीच ओरड झाली होती. ते नाटक तेव्हा कायमचं बंद पडलं असतं तर मराठी रंगभूमीचं केवढं नुकसान झालं असतं! भावना मोठ्या माणसांच्याही दुखावतात, आणि त्यांचा आवाज तर लगेच ऐकू जातो. म्हणून नुसतं "दुखावलं" एवढ्यावर निकाल देऊ नये. मी मुलांना दोन साधे प्रश्न दिले. पहिला, आपण कोणाला हसतोय? दुसरा, त्याला तिथल्या तिथे उलट उत्तर देता येतं का? मंत्र्याला देता येतं. कारखानदाराला देता येतं. पुढच्या रांगेतल्या त्या मुलीला देता येत नव्हतं.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' आठवा. जब्या आणि त्याचं घर डुकराच्या मागे धावतंय, आणि शाळेतली पोरं, गावातली माणसं मजा बघत हसतायत. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट पडद्यातून आपल्याकडे येतो. का? कारण तोपर्यंत आपणही थोडंसं हसलेलो असतो. मला त्या स्नेहसंमेलनात हाच दगड लागला.

आता आपल्या शिक्षक मंडळींसाठी एक गोष्ट. रमेश इंगळे उत्रादकर यांची 'निशाणी डावा अंगठा' ही कादंबरी प्रौढ साक्षरता मोहिमेवर आहे. तिच्यावर त्याच नावाचा चित्रपटही आला. कागदावर चालणारे वर्ग, भरलेली रजिस्टरं, वरून आलेले आदेश आणि त्यात भरडलेले, कधी सामीलही झालेले गुरुजी. ती वाचताना मला हसू आलं आणि लाजही वाटली, कारण अशी रजिस्टरं मीही भरली आहेत. पण राग आला नाही. आपल्यावरचं व्यंग खरं असेल तर ते पचवायची सवय शिक्षकानेच आधी लावून घ्यायला हवी. नाहीतर मुलांना काय शिकवणार?

टीव्हीवर चांगलं काही होतच नाही, असंही म्हणू नका. 'चला हवा येऊ द्या'मध्ये हास्याच्या गदारोळात अचानक पोस्टमन यायचा. अरविंद जगताप यांनी लिहिलेलं पत्र सागर कारंडे वाचायचे आणि सगळं सभागृह गप्प व्हायचं. हसवणाऱ्या कार्यक्रमालाही समाजाचं दुःख पेलता येतं, याचा हा पुरावा आहे.

त्यानंतर मी वर्गात 'जाऊ तिथे खाऊ' या चित्रपटाची गोष्ट सांगितली. त्यात एक माणूस चक्क विहीर चोरीला गेल्याची तक्रार करतो. कागदोपत्री विहीर आहे, जागेवर मात्र नाही! मुलं खूप हसली. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आपलं पाणी पण चोरीलाच गेलंय. पायपातून मुंबईला गेलंय."

वर्ग क्षणभर गप्प झाला आणि मग आधीपेक्षा मोठ्याने हसला. या वेळी पुढच्या बाकावरच्या मुलीही हसल्या.

बघा ना, केवढं मोठं व्यंग आपल्या अंगणात पडलंय! तानसा धरण 1892 पासून आपल्या शहापूर तालुक्यात आहे. भातसा धरणही इथलंच, आणि मुंबईच्या तलावांतलं जवळजवळ निम्मं पाणी एकट्या भातसाचं. तरी उन्हाळा आला की कसारा, खर्डीकडच्या पाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. मुंबईकराला पाणी मिळू नये असं कोणी म्हणत नाही. पण धरणाच्या उशाला राहून कोरड्या हंड्याकडे बघायची वेळ येणं, यावर नाटुकलं लिहायला कोणाच्या तोंडाला काळं फासावं लागत नाही.

यंदा मुलं त्यावरच लिहितायत. अजून कच्चं आहे. संवाद लांबतात, शेवट जमत नाही. नळाचं काम कोणी करायचं यावरून भांडण चालू आहे. 'आदिवासी गडी' मात्र या नाटुकल्यात नाही. त्याऐवजी टँकर मोजणारा एक साहेब आहे, आणि त्याच्या चुका दाखवणारी एक म्हातारी, जी आपल्या घरच्या बोलीत बोलते. तिचे संवाद त्या मुलींनीच लिहिलेत. बोली तीच, पण आता तिला हसायचं नसून तिच्याबरोबर हसायचं आहे.

वाचकहो, आज रात्री टीव्ही लावाल तेव्हा जरूर हसा. फक्त हसताना एकदा बाजूला बसलेल्या माणसाकडे पाहा. तोही हसतोय का?

वर्गात चर्चेसाठी :
1. तुम्हाला आवडलेला एक विनोदी प्रसंग आठवा. त्यात कोणाला हसलं गेलं? त्या माणसाला उत्तर देण्याची संधी होती का?
2. 'विनोद विनोदासारखा घ्यावा' या विधानाच्या बाजूने आणि विरोधात प्रत्येकी तीन मुद्दे लिहा.
3. तुमच्या गावातल्या एखाद्या प्रश्नावर दहा ओळींचा विनोदी संवाद लिहा. अट एकच, त्यात दुबळ्याची टिंगल नको.