पाहुणा हवा, मालक नको



सध्या जो तो सांगतोय, "आहुप्यात निसर्ग पर्यटन आणा, पोरांना गावातच काम मिळेल." सांगणारी माणसं भली आहेत, पण ते कोणाच्या हातात द्यायचं यावर कोणी बोलत नाही. माझं म्हणणं स्पष्ट आहे. पर्यटन पडवीत यावं, सातबाऱ्यावर येऊ नये.

आमच्या कड्यावरून खाली मुरबाडकडचं कोकण दिसतं, गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात. कोकणानं हे सगळं आपल्या आधी बघितलंय, म्हणून दाखलाही तिथलाच देतो. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवू लागल्या त्या 2017 साली, म्हणजे वीस वर्षांनी. त्यांनी खाडी कोणाला विकली नाही. कांदळ कुठली, पक्षी कधी कुठं बसतो, हे सांगायचे पैसे त्या घेतात.

वेळासचं तर शिकण्यासारखंच आहे. मंडणगड तालुक्यातलं समुद्रकाठचं छोटं गाव. तिथं ऑलिव्ह रिडले कासवं रात्री वाळूत अंडी घालतात, एका खड्ड्यात शंभराच्या आसपास. पूर्वी माणसं अंडी उकरून न्यायची, उरलेली कुत्री-कोल्हे खायचे. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. कासव महोत्सव त्यानंतरचा. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, घरचं जेवतात, पिल्लं समुद्राकडं जाताना बघतात. आधी राखण झाली, मग पाहुणा आला. आपल्याकडं उलटं चाललंय.

काजव्यांचंच बघा. मे संपता संपता, वळवाच्या सरी झाल्या की हिरडा, सादडा, जांभूळ लखलखायला लागतात. नराचा उजेड म्हणजे मादीला घातलेली हाक. त्यावर गाडीचे दिवे आणि मोबाइलचा फ्लॅश मारला तर ती हाक पोचणार कशी? काजव्याची अळी ओल्या मातीत राहते, गोगलगाई खाते. म्हणजे भातवाल्याची ती मैत्रीणच. शंभर माणसं रात्री पालापाचोळा तुडवत फिरली की पुढच्या सालाचा काजवा पायाखाली गेला. समुद्रकाठी दिव्यांच्या उजेडानं कासवाची पिल्लं वाट चुकतात, तशीच ही गत.

आता जमिनीचं. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं. म्हणून भागीदारीची गोड भाषा येते. जमीन तुमची, पैसा आमचा, इथं सही करा. मग कुंपण पडतं आणि जमीनवाला फाटकावर वॉचमन होतो. 1985 ला शेकरूसाठी भीमाशंकर अभयारण्य झालं, तेव्हापासून आम्हाला फांदी तोडायची चोरी. आणि पाहुण्यांनी मात्र रात्री स्पीकर लावायचा? धरणाच्या पाण्यात जुनं आंबेगाव गेलं, तेव्हाही शब्द विकास हाच होता.

पोरं म्हणतात, चार पाहुण्यांच्या जेवणात काय सुटणार, त्यापेक्षा रिसॉर्टचा पगार बरा. पगाराची गरज मला कळते. पण हिशोब पुरा मांडा. रायभोग, जीर पोत्यानं विकला तर भाव व्यापारी ठरवतो, ताटात वाढला तर आपण ठरवतो. नाचणीची भाकरी, रानभाजी, खुरासणीची चटणी, यातलं काय विकत आणावं लागतं? आपल्याकडं गर्दी पावसाळ्यातली. नंतर रिसॉर्टवाला पगार देत बसेल का?

तरी शेती सोडून याच्या मागं लागू नका, हेही सांगतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडं मोडली, पीक गेलं, भरपाईसाठी आपण किती वर्षं हेलपाटे मारले ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याच साली कोरोनात पर्यटनही बंद होतं. एकट्या हिरड्यावर भरवसा नाही, तसा एकट्या पाहुण्यावरही नाही. जोडधंदा म्हणून ठीक.

या पानावर कृषी खात्यातले आणि विद्यापीठातले साहेब वाचतात, त्यांना विनंती. पर्यटनाच्या आराखड्यात पार्किंग आणि सेल्फी पॉइंट असतो, भाताचं बियाणं नसतं. जुन्या वाणांचं शुद्ध बियाणं गावातच कसं टिकवायचं ते शिकवा. पाहुणा त्याच भातासाठी दुसऱ्यांदा येईल.

आपला भाग पेसाखाली आहे, ग्रामसभेच्या ठरावाला वजन आहे. काजव्यांच्या दिवसांत अंधार पडल्यावर गाड्या गावाबाहेर थांबतील, वाटाड्या गावचाच असेल, देवराईत मुक्काम नाही, पावती ग्रामसभेची, आणि जमिनीचा कुठलाही करार आधी सभेत वाचून दाखवायचा, एवढं लेखी घ्या. आणि सभा हिरड्याच्या हंगामात ठेवू नका, तेव्हा बाया-माणसं सगळी झाडाखाली असतात. जेवण रांधणार त्याच आहेत, त्यांच्याशिवाय ठराव कसला?