रास्त गंधार

पन्नाशी उलटल्यावर माणसाने नवीन वाद्याच्या नादी लागू नये, असं आमच्या घरातलं मत आहे. मत सौभाग्यवतींचं आहे. म्हणूनच ते घरातलं. पण नोकरीच्या निमित्ताने तीन वर्षं कैरोला राहण्याचा योग आला आणि एका संध्याकाळी मुहम्मद अली रस्त्यावरच्या वाद्यांच्या दुकानातून मी चक्क एक ऊद घेऊन घरी आलो.

"हे काय? अर्धा भोपळा?" दारातच प्रश्न आला.

भोपळा नव्हे. लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून, एकमेकींना चिकटवून ती गोल पाठ केलेली असते. 'ऊद' या अरबी शब्दाचा अर्थच मुळी लाकूड. हेच वाद्य युरोपात गेलं आणि 'अल्-ऊद'चं तिकडे 'ल्यूट' झालं. आखूड, गुळगुळीत मान आणि मागे मोडल्यासारखा वळलेला खुंट्यांचा भाग. सतारीला पडदे असतात, इथे एकही नाही. बोट कुठे ठेवायचं हे सांगणारी एवढीशी खूणसुद्धा नाही! शिवाय त्याची गोल पाठ माझ्या गोल पोटावरून सारखी घसरायची. हा तपशील सौभाग्यवती आल्यागेल्याला आवर्जून सांगत.

उस्ताद सत्तरीच्या घरातले. इंजिनिअरला तिकडे 'बाशमुहंदिस' म्हणतात. त्यांनी मला दुसऱ्या नावाने कधी हाक मारली नाही. पहिला महिना नुसता तारा लावण्यात गेला. तारा अकरा: पाच जोड्या आणि खर्जाची एक एकटी. पांढरी एक हा सा धरला, तर जाड तारेकडून बारीक तारेकडे सा, म, ध, रे, प आणि वरचा सा. म्हणजे म आणि ध यांची जोडी सोडली, तर प्रत्येक तार आधीच्या तारेचा मध्यम. तुर्की पद्धतीत हे सगळं बहुधा एक स्वर वर चढवतात. वाजवायला लांबट, लवचीक 'रीशा'. रीशा म्हणजे पीस. पूर्वी गरुडाचं असे, आता बहुतेक प्लास्टिकचं. खुंटी सरकू लागली की उस्ताद तिला खडू चोळायचे. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, तंबोऱ्याच्या खुंटीला हेच करायचे. मी ते पाहून हसलो, पण का हसलो ते उस्तादांना सांगितलं नाही.

मग मक़ाम सुरू झाले. मक़ाम आपल्या रागाचा चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही. तीन, चार, पाच स्वरांचे तुकडे जोडून तो उभा राहतो आणि त्यात कुठून निघायचं, कुठे थांबायचं, याची वाट ठरलेली असते. 'तक़्सीम' वाजू लागला की आपल्याला आलापाचीच आठवण व्हावी. 'अजम'चे स्वर बिलावलचे निघाले, 'कुर्द'चे भैरवीचे. 'हिजाझ'चा खालचा तुकडा म्हणजे कोमल रिषभ, शुद्ध गंधार, मध्यम. हा तर आपला भैरव! दोन दिवसांत हिजाझ वाजवून दाखवला. उस्ताद खूष, मी त्याहून खूष.

आणि मग 'रास्त' आला.

रास्त भाव, रास्त मागणी असं आपण म्हणतो, तोच हा फारसी शब्द. खरा, सरळ. त्यातल्या स्वरांची नावंही सरळ: दुसरा तो दुका, तिसरा सीका, चौथा जहारका. फारसीतले दो, से, चहार पंक्तीत बसवलेले! पण हा तिसरा मोठा वाह्यात. कोमल गंधाराच्या पाटावर बसत नाही आणि शुद्धाच्याही नाही. दोघांच्या मधेच फतकल मारतो. 1932 साली कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरली होती. बेला बार्टोकसारखे युरोपीय संगीतकारही आले होते. सप्तकाचे 24 सारखे भाग करावेत की काय, यावर तिथे पुष्कळ वाद झाला. पण समितीने जागा ठरवून दिली म्हणून स्वर तिथे राहतो थोडाच? रास्तमधला सीका किंचित चढा, 'बयाती'मधला त्याहून उतरलेला, आणि शहर बदललं की पुन्हा थोडा हललेला.

माझं बोट एकतर शुद्धावर पडे, नाहीतर कोमलावर. दोन आठवडे हेच चाललं.

"बाशमुहंदिस, तू ऐकत नाहीस, मोजतोस," उस्ताद म्हणाले. "ऊद खाली ठेव. गा."

आता एक जुनी गोष्ट सांगणं भाग आहे. आमचे दादा रोज पहाटे भजन म्हणत. 1974 च्या गणपतीत, पेटीच्या दोन परीक्षा पास झालेला मी, त्यांच्या साथीला बसलो होतो. भरल्या घरात मी हात थांबवला आणि म्हणालो, "दादा, तुमचा गंधार उतरतोय. पेटीत बसत नाही." दादा हसले. "बरं," म्हणाले. त्यांनी अभंग तसाच पुरा केला. पण पुढे मी पेटी काढली की ते गाईनासे झाले, आणि आणखी काही वर्षांनी पहाटेचं भजनही थांबलं. याच पेटीवर ऑल इंडिया रेडिओने 1940 साली बंदी घातली होती आणि ती सुमारे तीस वर्षं टिकली. ठोकून बसवलेले स्वर आपल्या गाण्याला पुरत नाहीत, हाच तर तिच्यावर आक्षेप होता. हे मला फार उशिरा कळलं.

कैरोतल्या त्या खोलीत मी डोळे मिटून सा लावला, रे लावला, आणि पुढचा स्वर मी शोधला नाही. तो आला. पहाटेच्या अंधारात, गोधडीतून ऐकलेला.

"आहे की!" उस्ताद ओरडले. "हा कुठे शिकलास?"

मला उत्तर देता येईना.

दादांचा गंधार खरोखर उतरत होता की नाही, हे आता कुणाला ठरवता येणार? उतरतही असेल. रास्तचा सीका तो नव्हेच. मात्र ज्या फुटपट्टीने मी तो भर सभेत मोजला, ती आखूड होती, एवढं नक्की. त्या रात्री पुण्याला ताईला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "वेडा आहेस. दादांनी गाणं सोडलं ते दम्यामुळे." असेल. पण धाकट्या भावाची समजूत घालायची ताईची सवय जुनी आहे.

आता आम्ही पुण्याला परतलो आहोत. दिवाळीच्या पहाटे, अभ्यंगस्नानाच्या आधी, मी ऊद मांडीवर घेतो आणि रास्त लावतो. सौभाग्यवती चकल्यांचा डबा शोधता शोधता थांबतात. दहा वेळांपैकी तीन वेळा सीका जागेवर पडतो. पेटी कोपऱ्यातच आहे, पण तिला विचारायला मी जात नाही.