यंत्राची परीक्षा जालन्याच्या पोलादावर व्हावी

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला जो एकदा उभा राहिला असेल, त्याला भट्टीतून लॅडलमध्ये, लॅडलमधून टंडिशमध्ये आणि टंडिशच्या तळाच्या छिद्रावाटे साच्यात उतरणारा, दीड हजार अंशांहून अधिक तापलेल्या पोलादाचा तो प्रवाह विसरणे शक्य नाही. डोळ्यांना दिसते ती पृष्ठभागाची झळाळी. आत तो द्रव कोठे गिरकी घेतो, कोठे मंदावतो, स्लॅगचे कण वर तरंगून अलग होतात की बिलेटमध्ये उतरतात, यावर सळईचा दर्जा ठरतो, आणि तेच नेमके दृष्टीआड राहते. वितळलेले पोलाद पाण्याच्या सुमारे सातपट जड खरे, परंतु श्यानतेस घनतेने भागले असता येणारा अंक दोहोंचा जवळजवळ सारखाच निघतो, म्हणून पोलादतज्ज्ञ पारदर्शक टाकीत पाणी सोडून, त्यात रंग मिसळून या प्रवाहाचे अध्ययन करीत आले. आता तेच काम संगणकाकडून करून घेता येते, आणि ओपनफोमसारखी प्रणाली तर २००४ पासून विनामूल्य उपलब्ध आहे.

मुंबईच्या ज्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. ज्येष्ठराज जोशी यांनी बुडबुड्यांच्या स्तंभांतील व ढवळपात्रांतील प्रवाहांच्या गणनाची परंपरा रुजविली, तिची शाखा २०१८ मध्ये जालन्यात आली. विद्या दाराशी आली, पोलाद तर येथलेच. तेव्हा कारखानदारांनी वा महाविद्यालयांनी अशा गणनासाठी यंत्र घ्यायचे ठरविले, तर ते कोणत्या कसोटीवर घ्यावे, हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही.

निविदांच्या मसुद्यांत सहसा प्रोसेसरच्या गाभ्यांची (कोअरची) संख्या मागितली जाते, आणि येथेच घात होतो. आठ गाभ्यांवर जे गणित एका तासात सुटते ते सोळांवर अर्ध्या तासात सुटेल, असे त्रैराशिक मांडणारा फसतो. कारण प्रवाहाच्या गणनात जाळीच्या प्रत्येक घरासाठी आकडेमोड थोडी आणि स्मृतीतून आकडे आणण्या-नेण्याची यातायात फार. मोंढ्यातल्या गोदामाला दार एकच असेल, तर हमाल आठाचे सोळा केल्याने पोती दुप्पट वेगाने बाहेर पडत नाहीत. दारापाशी खोळंबा मात्र वाढतो. जगातील महासंगणकांची जी क्रमवारी १९९३ पासून प्रसिद्ध होते, ती लिनपॅक नावाच्या चाचणीवर आधारलेली आहे, आणि त्या चाचणीत प्रमाण नेमके उलटे, आकडेमोड फार व यातायात थोडी. म्हणून त्या यादीतले मानाचे स्थान आपल्या टंडिशच्या कामी कितपत पडेल, हे त्या स्थानावरून कळत नाही. कामाकडे पाहून यंत्र निवडावे, ही जाण आपल्या देशात नवी नव्हे. बंगळूरच्या नॅशनल एरोनॉटिकल लॅबोरेटरीने १९८६ मध्ये उभारलेल्या समांतर संगणकाचे नावच ‘फ्लोसॉल्व्हर’, म्हणजे प्रवाह सोडविणारा. काम आधी ठरले आणि यंत्र त्यासाठी घडले.

वेगाइतकीच उत्तराची शहानिशा आवश्यक आहे. बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे दशांश बदलतात, आणि वेग वाढविण्यासाठी आकड्यांची अचूकता अर्ध्यावर आणली, तर उत्तर कधी कधी दिशाही सोडते. घिया, घिया आणि शिन यांनी १९८२ मध्ये झाकण सरकणाऱ्या चौकोनी पोकळीतील प्रवाहाचे जे तक्ते प्रसिद्ध केले, त्यांच्याशी आजही नवी प्रणाली ताडून पाहिली जाते. नव्या यंत्रालाही प्रथम तेथेच उभे करावे.

माझी सूचना अशी, की खरेदीच्या दस्तऐवजात एका खऱ्या टंडिशचा आराखडा, त्याची जाळी, प्रणालीची आवृत्ती आणि अचूकतेची मर्यादा नमूद करून प्रत्येक पुरवठादाराकडून तेच गणित सोडवून घ्यावे. एक गाभा, चार, आठ, सोळा, अशा चढत्या क्रमाने लागलेला वेळ त्याने लिहून द्यावा, आणि खर्ची पडलेली वीजही. विजेच्या दरावर ज्या शहराच्या भट्ट्या चालतात किंवा थंडावतात, तेथे हा रकाना कोरा ठेवून चालणार नाही. मग ते तक्ते, हरलेल्या पुरवठादारांच्या आकड्यांसह, जाहीर करावेत, म्हणजे पुढच्या वर्षी परभणीच्या वा बीडच्या एखाद्या महाविद्यालयाला तीच परीक्षा आरंभापासून घ्यावी लागणार नाही.